तिसऱ्या लॅपला इंजिन जाम

१

पिस्टन काही केल्या बाहेर येईना. श्रद्धा दामलेने लाकडी ठोकळा लावून हातोडीचे चार ठोके दिले. पाचव्याला तो सुटला आणि शेडमध्ये उभ्या असलेल्या चौघांनी एकदम माना पुढे केल्या. पिस्टनच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते, मांजराने दार ओरबाडावं तसे. तेलाचा थेंब औषधालासुद्धा नव्हता.

"कोरडं," श्रद्धा म्हणाली.

"मग मी कालपासून काय बोंबलतोय?" वैजनाथ हरपळे गरजले. "यानं तेलच घातलं न्हाई! माझं पोरगं यानं मारलं!"

त्यांनी बोट दाखवलं ते मच्छिंद्र ढोलेकडे. एकसष्ट वर्षांचा तो मेकॅनिक खाली मान घालून उभा होता. त्याने ना हो म्हटलं, ना नाही.

जुन्या टू-स्ट्रोक गाडीचं एक असतं बघा. इंजिनासाठी तेलाची वेगळी सोय नसते. ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. राहून गेलं, की पिस्टन तापतो, सिलिंडरला चिकटतो, मागचं चाक जागच्या जागी थांबतं, आणि वर बसलेला माणूस मात्र थांबत नाही. शनिवारी सकाळी पावणेअकराला, जुन्या मोटरसायकलींच्या शर्यतीच्या सरावात, तिसऱ्या लॅपला हेच झालं. वैजनाथरावांचा सत्तावीस वर्षांचा मुलगा सुदर्शन दगडी बांधावर फेकला गेला. हडपसरच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा पोहोचला नाही. संध्याकाळी अग्नी दिला, आणि आज रविवारी सकाळी बाप पांढऱ्या सदऱ्यात त्याच मैदानावर उभा होता.

मांजरीजवळचं हे मैदानही त्यांचंच. ऊस निघालेल्या रानात मुरूम टाकून ट्रॅक केलेला. फेब्रुवारीतलं धुकं अजून खाली बसलेलं, आणि मांडववाले न बोलता कनाती सोडत होते. शनिवारचा दिवसच वाईट निघाला होता. लाउडस्पीकरचा जनरेटर दोनदा बसला, धुळीवर पाणी मारायचा पंप धूर ओकून ओकून बंद पडला, एकाची चेन तुटली. आणि शेवटी हे.

श्रद्धा पॉलिटेक्निकमध्ये इंजिनं शिकवायची. शर्यतीआधी गाड्या तपासून पास करणं हे क्लबने तिच्याकडे दिलेलं काम. सदाशिव पेठेतून पहाटे स्कूटरवर यायची आणि गाडीत खोट दिसली की मालकाच्या तोंडावर सांगायची. त्यामुळे तिला 'मॅडम' म्हणणारे पुष्कळ आणि चहाला बोलावणारे कमी. सुदर्शनची गाडी शनिवारी आठ वाजता तिनेच पास केली होती. रात्रभर तिला झोप नव्हती.

"बारा वाजता फौजदार येतोय," वैजनाथराव म्हणाले. "तुमचा रिपोर्ट लागतो म्हणाला. लिहा, मेकॅनिकचा हलगर्जीपणा. मग मी हाय आणि हा हाय."

"इंजिन कोरडं का पडलं ते लिहीन," श्रद्धा म्हणाली. "कुणामुळे पडलं ते मला अजून माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर फौजदारांनाच सांगा, माझा कागद कशाला हवा?"

साडेआठ झाले होते. साडेतीन तास हातात, आणि ज्याला वाचवायचं तो माणूस स्वतःच्या बाजूने एक शब्द बोलायला तयार नव्हता.

२

तिने आधी टाकीचं पाहिलं. टाकी चेपली होती, फुटली नव्हती. तळाला राहिलेल्या पेट्रोलचे चार थेंब तिने वर्तमानपत्राच्या तुकड्यावर टाकले आणि वाट बघितली. पेट्रोल उडून गेलं. कागद जसा होता तसा. तेल असतं तर तुपाच्या बोटासारखा डाग राहिला असता.

म्हणजे टाकीत नुसतंच पेट्रोल होतं. आणि टाकीच्या झाकणाला तांबडा फडका बांधलेला होता.

"मच्छिंद्रराव, हा फडका तुमचाच ना?"

"माझाच, मॅडम." तो शेडच्या मागे उलट्या क्रेटवर बसला होता. वाशिमकडचा माणूस, चाळीस वर्षं विश्रांतवाडीत गॅरेज. सुदर्शन दहावीत असल्यापासून त्याच्या हाताखाली नटबोल्ट पुसत मोठा झालेला. "तेल टाकलं की फडका बांधायचा. पयल्यापासूनची रीत हाय. कॅनमधी मिसळून ठेवलं की कोणीतरी साधं समजून भलत्याच गाडीत ओतते. म्हणून मी सगळं तेल दोन लिटर पेट्रोलात घुसळून सकाळीच टाकीत टाकतो आन् फडका बांधतो. मग लायनीवर जाताना कोणीबी वरून साधं पेट्रोल ओतावं. आधीच पूर्ण भरली तर उन्हात झाकणातून पाझरते."

"म्हणजे फडका आहे, याचा अर्थ तेल आत आहे."

"हाव."

"मग काल टाकलं होतंत?"

मच्छिंद्रने दोन्ही हात चोळले.

"टाकलं असं वाटते. पण माझा मलाच भरवसा राहिला नाही. गेल्या महिन्यात एका बाईच्या स्कूटरचं ऑइल काढलं अन् नवीन भरायचंच विसरलो. पोरीचं नाव आठवत नाही कधी कधी. काल जनरेटर बिघडला म्हणून मला बोलावलं, सुदर्शन लायनीवर गेला तवा मी तिकडंच होतो. असंल, मॅडम. नुसता फडकाच बांधला असंल. लिहून टाका."

"मला काय लिहायचं ते मी ठरवीन," श्रद्धा फटकन म्हणाली. बोलून झाल्यावर तिला वाईट वाटलं. म्हातारा रडत नव्हता, हेच बघवत नव्हतं.

ती परत गाडीशी आली, खाली वाकली, आणि टाकीतून कार्बोरेटरला जाणाऱ्या पेट्रोलच्या पाइपला तिने हात लावला. काल सकाळी आठ वाजता तिने याच पाइपवरची तांब्याची तार बोटाने चाचपून गाडी पास केली होती. आता पाइप जागेवर होता. तार नव्हती.

३

गाडी आपटताना तार तुटली म्हणावं, तर तिच्याबरोबर पाइपही निघाला असता. म्हणजे कुणीतरी ती सोडली, पाइप काढला आणि नुसताच परत खोचून ठेवला. आठच्या नंतर आणि पावणेअकराच्या आधी.

शेजारच्या तंबूत तेजस आपलं सामान बॅगेत कोंबत होता. खराडीत आयटीत काम करणारा हा पोरगा गेल्या वर्षी सुदर्शनच्या मागे दुसरा आला होता. त्याची गाडी फोर-स्ट्रोक, म्हणजे साध्या पेट्रोलवर चालणारी. पंचवीस लिटरचा कॅन अजून तिथेच होता.

"काल तू सुदर्शनच्या गाडीशी काय करत होतास?"

"मी? काहीच नाही, मॅम."

"मांडववाल्याने तुला गाडीखाली वाकलेलं पाहिलंय. कानातलं डूल शोधत होतास का?"

तेजस लाल झाला. मग खाली बसला. "मॅम, प्लीज हे कुणाला सांगू नका, खूप चीप वाटेल आता. तो स्ट्रेटवर इतका फास्ट कसा जातो तेच कळत नव्हतं. कार्बोरेटरचे फोटो काढले. दॅट्स इट. हात पण नाही लावला, आईशप्पथ."

"फोटो दाखव."

त्याने मोबाइल पुढे केला. श्रद्धाने चष्मा वर सरकवून चित्र मोठं केलं. कार्बोरेटर. पाइप. पाइपवर तांब्याची तार, दोन पिळांची, मच्छिंद्रच्या हातची. वरच्या कोपऱ्यात टाकी आणि तांबडा फडका. वेळ आठ चाळीस.

"याच्यानंतर?"

"याच्यानंतर रायडर्सची मीटिंग होती ना. सगळे तिकडे गेलो. मग पोहे. सव्वानऊपर्यंत इथे कुणीच नव्हतं." तेजसने नाक पुसलं. "मॅम, तो मला म्हणाला होता, ह्या वेळी तू जिंक, माझा हात दुखतोय. मला वाटलं फेकतोय."

"हात का दुखत होता?"

"शुक्रवारी पडला होता ना. मनगट सुजलेलं. सगळ्यांना माहीत होतं."

श्रद्धाला माहीत नव्हतं. तिच्यापासून ते लपवलं होतं, कारण तिने त्याला बसूच दिलं नसतं. ती फोटो बघत तशीच उभी राहिली. तार आठ चाळीसला होती आणि फडकाही होता. पण फडक्याच्या आत तेल होतं की नव्हतं, हे फोटो कसं सांगणार?

४

"मी ओतलं," अपेक्षा म्हणाली.

सुदर्शनची धाकटी बहीण. एकवीस वर्षांची. ती शेडच्या दाराशी उभी राहून हे वाक्य कालपासून कितीदा मनात म्हणत असेल कोण जाणे, तोंडातून निघताना त्यात काही जीव उरला नव्हता.

"काय ओतलंस?"

"पेट्रोल. पाच लिटर. दादा म्हणाला, लवकर, लायनीवर बोलावतायत. फडका होता. फडका दिसला की नुसतं पेट्रोल, हे मला सातवीपासून माहितीये. नरसाळं लावलं आणि ओतलं."

"आत बघितलं नाहीस?"

"फडका असताना कोण बघतं?" मग तिचा आवाज फुटला. "मॅडम, माझ्यामुळे झालं का? मी बघायला हवं होतं का?"

श्रद्धाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला असलं काही जमत नसे, हात आपला लाकडासारखा पडून राहिला. "तुझ्यामुळे नाही. त्या रीतीवर भरवसा ठेवण्यात तुझी काही चूक नव्हती. घरी कुणी त्याला अडवलं नाही? हात सुजला होता ना?"

"आई नाहीये आमची. आणि आबा…" ती थांबली. "आबांना आवडत नव्हतं. पण ते दादाशी बोलतच नाहीत थेट. शुक्रवारी मला म्हणाले, त्याला सांग जेवून घे म्हणावं. दादा तिथंच, दोन हातांच्या अंतरावर बसला होता."

बाहेर पंपाची दोरी ओढल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा. पंप खोकला आणि गप्प झाला. कोंडीरामने, हरपळ्यांच्या रानात राबणाऱ्या गड्याने, त्याला एक इरसाल शिवी हासडली.

श्रद्धाने सहज तिकडे पाहिलं आणि नाक वर केलं. धुक्यात एक वास पसरला होता. गोडसर, जड, एरंडेलाचा.

या मैदानावर एरंडेलाच्या जातीचं तेल वापरणारा माणूस एकच होता, मच्छिंद्र.

५

"बंद करू नका, कोंडीराम. राहू द्या." ती जवळजवळ पळतच गेली.

"बंदच हाय की, म्याडम. कालपासनं निस्ता धूर. हा बगा प्लग, काजळ नुसती. चांगला पंप, कवा तक्रार न्हाई."

पंप फोर-स्ट्रोक होता, साध्या पेट्रोलवर चालणारा. श्रद्धाने त्याच्या टाकीतले चार थेंब कागदावर टाकले. या वेळी तिला फार थांबावं लागलं नाही. पेट्रोल उडालं आणि मागे गोल, पिवळट, चिकट डाग राहिला. तिने तो नाकाशी धरला.

मच्छिंद्रने तेल टाकलं होतं. नुसतं टाकलं नव्हतं, अगदी मापाने, घुसळून टाकलं होतं. ते इथे होतं, या पंपात.

आनंद व्हायला हवा होता. म्हातारा सुटला होता. पण पुढचा प्रश्न विचारायचा होता, आणि त्याचं उत्तर ऐकायची तिला अजिबात इच्छा नव्हती.

"यात पेट्रोल कुणी घातलं, कोंडीराम?"

"म्याच घातलं, नवाच्या टायमाला. जरा तांबूस दिसत व्हतं, पर म्हटलं असंल." त्याने प्लग सदऱ्याला पुसला. "कॅन मालकांनी दिला न्हवं का. म्हणले, वाया घालवू नको, पंपात टाक."

६

साडेअकरा वाजता श्रद्धाने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. खरं तर तिला वैजनाथरावांना एकट्याला सांगायचं होतं. ते ऐकेनात. "जे काय सांगायचं ते याच्या तोंडावर सांगा," ते मच्छिंद्रकडे बघत म्हणाले. "सगळ्यांना कळू दे."

"वैजनाथराव, काल मीटिंग चालू असताना तुम्ही कुठे होता?"

"मी? हितंच. मग पाहुण्यांना आणायला हायवेला गेलो."

"जाण्याआधी कोंडीरामला पेट्रोलचा कॅन दिलात. ते कुठून आणलंत?"

वैजनाथरावांच्या चेहऱ्यावरचा राग आधी तसाच होता, मग तो नुसता चेहऱ्यावर राहिला, आत काही नव्हतं.

"मी काढलं," ते म्हणाले. "गाडीतनं. पकडीनं तार सोडली आन् पाइप काढला."

"आबा!" अपेक्षा ओरडली.

"मग काय करू? मनगट भोपळ्यावानी सुजलेलं. तसल्या हातानं ब्रेक मारणार व्हता? टाकी रिकामी आसंल तर गाडी चालू हुनार न्हाई. लायनीवर किक मारत बसंल, येळ जाईल, सराव चुकला की शर्यतीत बसता येत न्हाई. एवढंच. माझ्या पोराला मी काय वाईट चितीन का?" त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "पर पुन्हा भरलंच ना कुणीतरी? मग भरताना तेल टाकायला नको? ते याचं काम! ते यानं का न्हाई केलं?"

म्हणजे हेच त्यांनी कालपासून धरून ठेवलं होतं. पेट्रोल काढलं हे लपवलं, लाज वाटली म्हणून. आणि बाकीचा सगळा दोष खरोखरच मच्छिंद्रचा आहे, असं मनापासून मानलं. श्रद्धाला त्या क्षणी वाटलं, आपल्याला हे काही कळलंच नसतं तर बरं झालं असतं.

पण मच्छिंद्र समोर उभा होता.

तिने दोन्ही कागद टेबलावर ठेवले, कोरा आणि डागाचा. "तुम्ही काढलंत ते नुसतं पेट्रोल नव्हतं. सगळं तेल त्यातच होतं. मच्छिंद्ररावांनी सकाळीच टाकलं होतं आणि वर फडका बांधला होता. फडका म्हणजे तेल आत आहे, आता कुणीही साधं पेट्रोल ओतावं. ही रीत इथे प्रत्येकाला माहीत आहे. तुम्हाला नव्हती. तुम्ही टाकी रिकामी केलीत आणि फडका तसाच ठेवलात. पोरीने फडका बघितला आणि साधं पेट्रोल ओतलं. इंजिनात आधीचं थोडं तेल चिकटलेलं होतं, त्यावर दोन लॅप निघाले."

वैजनाथरावांनी टेबलाची कड धरली. कोऱ्या कागदाकडे पाहिलं, मग दुसऱ्या कागदाकडे. त्यांनी तो डाग अंगठ्याने पुसून पाहिला.

तेवढ्यात एक विचित्र आवाज आला. मच्छिंद्र रडत होता. कालपासून पहिल्यांदाच.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?" तो श्रद्धाला विचारत होता. "मी टाकलं होतं? खरंच टाकलं होतं, मॅडम?"

"टाकलं होतं तुम्ही."

त्याच्या तोंडावर सुटकेचं हसू आलं, आणि आपण कुणाच्या समोर हसतोय हे कळताच त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मेलेल्या पोराच्या बापासमोर बरं वाटल्याची लाज त्याला सोसवेना.

७

फौजदार आले तेव्हा वैजनाथराव स्वतःच पुढे झाले.

"मालक, थांबा," मच्छिंद्र मध्ये पडला. "माझं वय झालं. मी विसरलो असं लिहू द्या. लोकांना पटंल. तुमच्या घरी आता पोरगी हाय."

"न्हाई." वैजनाथरावांचा आवाज अगदी खाली आला होता. "मॅडम, जसं झालं तसं लिहा. एक अक्षर बदलू नका. मी याच्यावर बोट दाखवत व्हतो रे कालपासनं. चारचौघांत. तुझं आयुष्य बरबाद केलं आसतं मी."

ते क्रेटवर बसले. अपेक्षा त्यांच्या पायाशी बसली, पण त्यांच्याकडे बघत नव्हती. फौजदारांनी टोपी काढून हातात घेतली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

"मच्छिंद्र, तुला ठावं आसंल," वैजनाथराव म्हणाले. "तुझ्यापाशी तो बोलायचा. मी त्याला तोंडानं सांगितलं आसतं, बसू नको म्हणून, तर ऐकलं आसतं का त्यानं?"

"नसतं ऐकलं, मालक," मच्छिंद्र लगेच म्हणाला. "तुम्हाला म्हणून सांगतो. कोणाचंच ऐकत नव्हता तो. तुम्ही पाया पडले असते तरी बसला असता."

वैजनाथरावांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. जणू कुणी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला होता.

श्रद्धाने रिपोर्ट लिहिला, दोन पानं, जसं झालं तसं. सही केली आणि फौजदारांकडे दिला. ती स्कूटरपाशी आली तेव्हा मच्छिंद्र मागून चालत आला.

"मॅडम, तुम्हाला एक सांगायचं होतं. मी खोटं बोललो."

ती वळली.

"शुक्रवारी रात्री हाताला लेप लावत होतो त्याच्या. मला म्हणाला, काका, लय ठणकते. आबा एकदा नुसते नको म्हणाले ना, तर उद्या बसत नाही. वाट पाहतोय मी, म्हणाला." मच्छिंद्रने शेडकडे पाहिलं आणि आवाज आणखी उतरवला. "सकाळी मी जनरेटरकडं जाईपर्यंत तो आबा कुठं दिसतात का तेच बघत होता."

श्रद्धाने स्कूटरला लावलेली किल्ली परत काढली.

"रिपोर्टात लागते का हे?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हे कुठेच लागत नाही. कुणाला सांगू नका, मच्छिंद्रराव."

"नाही सांगत," तो म्हणाला, आणि वैजनाथरावांना हाताला धरून गाडीपर्यंत न्यायला परत शेडमध्ये गेला.